सखाराम बाइंडर : आठ, सहा की एक?

लेखमाला : माणसांचे नऊ नमुने

नऊ प्रकार झाले, पंख झाले, बाण झाले. आता हे सगळं एखाद्या पात्रावर चालवून बघायचं. त्यासाठी विजय तेंडुलकरांचा सखाराम बाइंडर घेतो. वरवर पाहता त्याचा नंबर सांगायला दोन मिनिटंही लागत नाहीत आणि नेमक्या अशाच पात्रांपाशी एनिॲग्रामचे हौशी अभ्यासक फसतात.

नाटक १९७२ चं. दिग्दर्शन कमलाकर सारंगांचं. सखाराम निळू फुले, चंपा लालन सारंग. सेन्सॉरने अडवलं, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. तो इतिहास बहुतेकांना ठाऊक असतो, नाटक मात्र वाचलेलं असतंच असं नाही. म्हणून गोष्ट थोडक्यात. छापखान्यात बाइंडिंग करणारा सखाराम लग्न करत नाही. नवऱ्यांनी टाकलेल्या बायका तो घरी आणतो आणि उंबरठ्याच्या आतच अटी ऐकवतो. खायला-ल्यायला मिळेल, त्याबदल्यात घर बघायचं, माझ्याशी बायकोसारखं राहायचं, न पटलं तर वाट मोकळी. सातवी येते ती लक्ष्मी, देवभोळी आणि मुंग्यांशी बोलणारी. ती गेल्यावर चंपा येते, बडतर्फ फौजदाराला सोडून आलेली. मग लक्ष्मीही परतते आणि एका छपराखाली दोघी राहू लागतात. शेवटी सखारामच्या हातून चंपाचा खून होतो.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. तेंडुलकरांनी हे पात्र एनिॲग्राम समोर ठेवून रचलेलं नाही, रचणं शक्यही नव्हतं. ऑस्कर इचाझोंकडे शिकायला चिलीतल्या आरिका गावी अमेरिकेतून माणसं गेली ती १९७० साली. त्यांच्यातले मानसोपचारतज्ज्ञ क्लाउदिओ नारांहो परतले आणि कॅलिफोर्नियात लहान गटांना शिकवू लागले. लोकांसाठीची पुस्तकं यायला १९८० चं दशक उजाडलं. म्हणजे सखाराम रंगमंचावर आला तेव्हा ही विद्या अजून मूठभर लोकांच्या वह्यांत होती. याचा आपल्याला फायदाच आहे. हल्लीच्या मालिकांचे काही लेखक प्रकार ठरवून पात्रं लिहितात. तिथे नंबर शोधणं म्हणजे लेखकाने लपवलेली चावी सापडवणं. इथे माणूस आधी आहे.

आता मुद्द्यावर येऊ. सखाराम मोठ्याने बोलतो, शिव्या देतो, हात उचलतो, घरात आपलाच शब्द चालवतो. त्यामुळे ऐकणारा म्हणतो, आठ. यातला एकही पुरावा मी धरत नाही. आरडाओरडा कुठलाही नंबर करू शकतो. प्रकार ठरतो तो वागण्यामागच्या भीतीवर आणि गरजेवर. नाटकात अडचण आणखी वाढते. कादंबरीत निवेदक पात्राच्या मनात शिरून सांगतो. नाटकात फक्त संवाद असतात. त्यात सखाराम स्वतःविषयी अखंड बोलणारा. मी असा, मी तसा, जे करतो ते उघड करतो. पात्र स्वतःबद्दल जे सांगतं ती त्याची जाहिरात असते. ती बाजूला ठेवायची आणि दोनच गोष्टी पाहायच्या. कशाची झळ त्याला सोसत नाही? आणि कोंडीत सापडला की तो काय करतो?

अटींच्या यादीमुळे काही जण त्याला एक ठरवतात. नियम दिसले की एक, ही सवयच लागलेली असते. पण एकच्या नियमांचा पहिला कैदी तो स्वतः असतो. त्याचा राग आत साचतो, कारण रागावणंसुद्धा त्याला चूक वाटतं. सखारामचे नियम बाईसाठी आहेत आणि स्वतःच्या वासनेबद्दल त्याला तिळमात्र संकोच नाही. एक बाद.

सहा मात्र सहज बाद होत नाही. सहाचा एक अवतार भीतीपासून पळण्याऐवजी भीतीवरच चाल करून जातो आणि बाहेरून तो हुबेहूब आठसारखा दिसतो. बापाच्या माराला कंटाळून लहानपणीच घर सोडलेला मुलगा, पुढे देवाधर्माला, नवरेशाहीला, सभ्य समाजाला ललकारत राहणारा पुरुष. सत्तेशी उभा दावा हे तर सहाचंच लक्षण. बालपणाचा दाखला इथे कामाचा नाही, कारण मार खाल्लेलं मूल आठही होतं आणि सहाही. शिवाय खून कधी होतो? चंपाचे दाऊदशी संबंध आहेत हे लक्ष्मी सांगते तेव्हा. दाऊद त्याचा एकुलता एक मित्र. गणपतीच्या आरतीला दाऊद उभा राहतो म्हणून लक्ष्मी हरकत घेते, तेव्हा सखाराम तिला मारतो, इतका तो त्याचा. अशा मित्राकडून झालेला विश्वासघात हा सहाच्या वर्मी लागणारा घाव, असं म्हणता येईल.

हा युक्तिवाद मला बरेच दिवस पटत होता. पण नाटकाचा मधला भाग नीट वाचला की तो ढिला पडतो. सहा, मग तो कितीही आक्रमक असो, आधी संशय घेतो. माणसांना जोखतो, निष्ठेची परीक्षा पाहतो, दाराबाहेर काय चाललंय याकडे त्याचा एक कान असतो. सखारामच्या घरात दाऊद हवा तेव्हा येतो-जातो आणि सखारामला शंकाही येत नाही. आपली सत्ता त्याने गृहीत धरलेली आहे. ती खरी ढळते खुनाच्या कितीतरी आधी. लक्ष्मी परत आल्यावर चंपाजवळ त्याचं पौरुष चालेनासं होतं आणि चंपा ते त्याच्या तोंडावर बोलून दाखवते. इथून तो सैरभैर होतो. दुबळेपणा, तोही दुसऱ्याने पाहिलेला, हीच ती न सोसणारी झळ. लक्ष्मीने दाऊदचं नाव घेतलं ते या जखमेवर.

त्या अटींकडेही पुन्हा पाहा. त्यांत सगळ्यांत ठळक अट आहे ती सुटकेची. बाईने जायचं तर जावं, तिकिटाचे पैसे मिळतील. मंगळसूत्र नको, मूल नको, हक्क सांगणारं कुणी नको. दुसऱ्याच्या हाती आपला लगाम जाऊ नये यासाठी माणसाने सगळं घर बांधून काढलंय. माझा निकाल आठ, सातचा पंख असलेला. गांजा, मृदंग, बाई, बोलण्याची हौस, सगळं सातकडे झुकणारं. नऊचा पंख असता तर घरात इतका गोंगाट नसता.

खरी गंमत लक्ष्मीत आहे. तिला लोक नऊ म्हणतात, सोशिक म्हणून. मला ती दोन वाटते, एकचा पंख असलेली. ती मुंग्यांना जपते, चंपाच्या टाकलेल्या नवऱ्याची चोरून सेवा करते, आणि मनोमन सखारामला नवरा मानून बसते, जे त्याने कधीच मागितलेलं नाही. न मागता द्यायचं आणि त्या देण्यातून हक्क तयार करायचा, ही दोनची रीत. दोनचा दोष अहंकार सांगितला आहे, तोही नम्रतेच्या वेषातला. शिवाय चंपाला पापी ठरवताना तिचा आवाज क्षणभरही कापत नाही, तिथे एकचा पंख दिसतो.

आता शेवटचा प्रवेश. ताणाखाली दोनचा बाण आठकडे जातो, आठचा पाचकडे. खून झाल्यावर काय होतं? सखाराम थिजतो. घर हादरवणारा माणूस आतल्या आत मिटून जातो, पाचसारखा. आणि वर्षभर मान खाली घालून राहिलेली लक्ष्मी हुकूम सोडू लागते. प्रेत पुरायचं कुठे, लोकांना सांगायचं काय, सगळं तीच ठरवते आणि कुदळही तीच उचलते. दोन आठ झाली, आठ पाच झाला. आकृतीतली रेघ १-४-२-८-५-७ अशी जाते. त्यातला २-८-५ हा तुकडा इथे तेंडुलकरांनी नकळत रंगमंचावर मांडला, असं म्हणण्याचा मोह होतो.

मोहच तो. एवढं चपखल बसलं की मला धास्ती वाटते. चौकट आधी हातात असली की पुरावे तिच्या मापाने कापले जातात. एनिॲग्रामवर जे संशोधन झालं आहे त्याचे निष्कर्ष संमिश्र आहेत आणि बाण-पंखांना भक्कम आधार मिळालेला नाही. म्हणून बाणावरून मी नंबर कधीच ठरवत नाही. भीतीवरून ठरवतो आणि बाण जुळला तर खूश होतो, इतकंच. आणखी एक. सखाराम आठ आहे म्हणून बायकांना मारतो, असं कुणी लिहिलं तर ते वाक्य खोडून टाका. मारणारे नऊही प्रकारांत सापडतात, न मारणारे आठही पुष्कळ आहेत.

चंपा मी मुद्दाम मोकळी ठेवली आहे. ती आठ वाटते, कारण दारात आलेल्या नवऱ्याला ती झोडपून काढते. पण सखारामच्या जवळ जाण्यासाठी तिला आधी दारू लागते, घरकामात तिचं मन नाही, आणि परतलेल्या लक्ष्मीला ती सहज ठेवून घेते. पुढच्या आठवड्यापर्यंत नाटकाचा दुसरा अंक वाचून ठेवा आणि नंबर लिहिण्याआधी एकच प्रश्न सोडवा : चंपा पिते ती काय विसरण्यासाठी?