मुलीची उंची आणि एक उणे गुणसूत्र

मुलगी वर्गात सर्वांत ठेंगणी दिसू लागली, की “आईच्या वळणावर गेली आहे, न्हातीधुती झाली की वाढेल,” असे म्हणून घरातील वडीलधारी मंडळी समाधान करतात. पुष्कळदा ते खरेही ठरते. परंतु दोन-अडीच हजार मुलींमागे एखादीच्या बाबतीत हे वाट पाहणेच महागात पडते. तिला ‘टर्नर सिंड्रोम’ असतो. त्याविषयी आज आम्ही वाचक भगिनींशी चार शब्द बोलू इच्छितो.

अमेरिकेतील ओक्लाहोमा येथील डॉ. हेन्री टर्नर यांनी १९३८ साली अशा सात रुग्णांचे वर्णन केले, त्यावरून हे नाव पडले. कारण मात्र १९५९ साली इंग्लंडमध्ये उमगले. स्त्रीच्या पेशीत दोन ‘एक्स’ गुणसूत्रे असतात. या मुलींत त्यांपैकी एक पूर्णतः वा अंशतः नसते. हा निव्वळ योगायोग होय. गर्भारपणातील खाण्यापिण्याचा, ग्रहणाचा किंवा आईच्या कोणत्याही चुकीचा त्याच्याशी काडीमात्र संबंध नाही.

वाढीचे संप्रेरक मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून, विशेषतः गाढ झोपेत, स्रवते. या मुलींत तेच कमी पडत असावे, असे कोणासही वाटेल. वस्तुस्थिती तशी नाही. बालपणी त्यांच्यातील स्राव बहुधा इतर मुलींइतकाच असतो. उणीव असते ती हाडांत. एक्स गुणसूत्राच्या टोकाशी असलेले ‘शॉक्स’ हे जनुक १९९७ साली सापडले. हाडांच्या वाढीसाठी त्याच्या दोन प्रती लागतात. येथे एकच उरते. पाटाला पाणी आहे, पण जमीन ते पुरेसे शोषून घेत नाही, असाच हा प्रकार! पुढे वयात येताना इतर मुलींत बीजांडकोशातील इस्ट्रोजेनमुळे हा स्राव वाढतो. टर्नरच्या मुलींत बीजांडकोश बहुधा निकामी असल्याने तीही भर पडत नाही.

म्हणून संप्रेरकाची तपासणी ठीक आली, एवढ्यावर थांबू नये; गुणसूत्रांची तपासणी करून घ्यावी. संप्रेरक कमी नसतानाही ते अधिक मात्रेत बाहेरून दिल्यास हाडे साथ देतात. कॅनडातील एका चाचणीचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. त्यात इंजेक्शने घेतलेल्या मुली न घेतलेल्या मुलींपेक्षा सरासरी सुमारे ७ सेंटिमीटरांनी उंच झाल्या. मात्र ही इंजेक्शने कित्येक वर्षे, बहुधा रोज रात्री घ्यावी लागतात. खर्चही मोठा असतो. हाडांची टोके एकदा सांधली गेली, की त्यांचा उपयोग होत नाही. लवकर निदानाचे मोल ते हेच.

उंची म्हणजे सर्वस्व नव्हे. या मुलींचे हृदय व मूत्रपिंडेही तपासावी लागतात आणि साधारण अकराव्या-बाराव्या वर्षी इस्ट्रोजेन सुरू करावे लागते. त्यांची बुद्धी बहुधा इतरांसारखीच असते. त्या शिकतात, नोकरी करतात, संसारही करतात.

तेव्हा भगिनींनो, भिंतीवर पेन्सिलीने खूण करून वर्षातून दोनदा मुलीची उंची मोजा. चौथ्या वर्षानंतर ती वर्षाला ५ ते ६ सेंटिमीटरही वाढत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. आणि निदान काहीही निघो, तिच्या देखत तिच्या लग्नाची काळजी बोलून दाखवू नका. ठेंगणेपणापेक्षा ते शब्दच तिला अधिक खुजे करतात.