मुक्कामाचा ट्रक

सोलापूरहून धुळ्याकडे जाणारा ५२ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग तामलवाडीपाशी धाराशिव जिल्ह्यात शिरतो आणि तुळजापूर, धाराशिव, येडशी, येरमाळा, तेरखेडा, पारगाव करत बीडच्या हद्दीला लागतो. खालच्या अंगाला नळदुर्ग-उमरग्यावरून हैदराबादचा ६५ क्रमांकाचा रस्ता जातो. दोन्हींवर रात्रभर मालगाड्यांची रांग तुटत नाही. ताडपत्री फाडून माल पळवला, उभ्या गाडीतून डिझेल उपसलं, अशा बातम्या, विशेषतः येडशी ते तेरखेडा या पट्ट्यातल्या, इथल्या वर्तमानपत्रांत वरचेवर येतात. दोन वेळच्या जेवणासाठी आणि चार तासांच्या झोपेसाठी थांबलेल्या माणसाचं हे नुकसान आहे. म्हणून ही चोरी होते कशी आणि अडते कुठे, हे नीट समजून घ्यायला हवं.

सुरुवात जागेपासून करू. चोराला तीन गोष्टी लागतात: अंधार, आडोसा आणि पाच-दहा मिनिटांची निवांतता. महामार्गाच्या कडेला, झाडाखाली, बंद पडलेल्या ढाब्यासमोर या तिन्ही आयत्या मिळतात. म्हणून झोप डोळ्यांवर यायच्या आधीच मुक्काम ठरवावा. डुलकी लागल्यावर माणूस मिळेल तिथे गाडी उभी करतो आणि नेमकी तीच जागा वाईट निघते. रात्रभर चालू असलेला पेट्रोल पंप, वर्दळीचा ढाबा, टोलनाक्यालगतची दिव्यांखालची जागा यांतलं काहीतरी धरावं. जिल्ह्याच्या एका टोकाला तामलवाडीचा टोलनाका आहे, दुसऱ्या टोकाला पारगावचा. मधल्या प्रवासाला भरलेल्या गाडीने किती वेळ लागतो, ते माहीत असावं. तेवढा अंदाज ठेवून निघालं की मधेच अंधारात थांबायची वेळ येत नाही.

गाडी लावायचीही रीत आहे. कंटेनर असेल तर मागची दारं भिंतीला इतकी टेकवावीत की ती उघडूच नयेत. भिंत नसेल तर ओळखीच्या दुसऱ्या ट्रकच्या पाठीला पाठ लावावी. ज्या बाजूला डिझेलची टाकी आहे ती बाजू उजेडाकडे ठेवावी. टाकी अंधाराकडे आणि केबिन उजेडाकडे अशी गाडी लावलेली फार दिसते, आणि ड्रायव्हरला वाटतं आपण उजेडात झोपलोय.

आता डिझेल. मोठ्या ट्रकच्या टाकीत तीन-चारशे लिटर मावतं. टाकीचं झाकण उचकटायचं, पाइप आत सोडायचा, खाली कॅन लावायचा, की काम सुरू. शंभर लिटर गेलं तर आजच्या भावाने नऊ हजारांच्या घरात फटका. झाकणाला चांगलं कुलूप हवंच, पण तेवढ्यावर भागत नाही. तोंडाच्या आत बसवायची जाळी मिळते. तिच्यातून डिझेल आत जातं, पण पाइप खाली उतरत नाही. टाकीच्या बुडाशी असलेला ड्रेन प्लगही बघावा. वरचं कुलूप शाबूत आणि खालून टाकी रिकामी, असंही होतं. झोपताना डिझेलचा काटा कुठे आहे, त्याचा मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवावा. चोरी झाली की नाही, यावर मालकाशी होणारा वाद त्या एका फोटोने मिटतो. बॅटरीच्या पेटीला आणि स्टेपनीला साखळी-कुलूप घालावं. दोन बॅटऱ्या गेल्या तर गाडी जागची हलत नाही, आणि माल त्याच अंधारात अडकून पडतो.

माल हौद्यात उघडा असेल तर सगळी भिस्त ताडपत्रीवर. चोर मागच्या फाळक्यावरून चढतो, कारण केबिनच्या आरशात ती जागा दिसत नाही. एक जण वर जाऊन ब्लेडने ताडपत्री चिरतो, दुसरा खाली खोकी झेलतो. येडशीच्या घाटात चढाला भरलेली गाडी इतकी हळू होते की चालत्या गाडीवरही हा प्रकार होतो. उपाय साधा आहे. किमती खोकी मागच्या फाळक्यापाशी कधीच लावू नयेत. ती मधोमध, खाली, आणि त्यांच्या भोवती जड, स्वस्त माल. ताडपत्रीवर दोराची जाळी घट्ट आवळावी आणि दोराच्या शेवटच्या गाठी केबिनच्या बाजूला घ्याव्यात. दर थांब्यावर गाडीभोवती एक फेरी मारून त्या गाठींवरून हात फिरवावा. आपण मारलेली गाठ आपला हात ओळखतो.

कंटेनरचं सील मात्र चोराला थांबवतं असा समज काढून टाकावा. सीलचं काम दार उघडलं गेलं की नाही एवढं सांगण्याचं. त्याचा क्रमांक बिल्टीवरच्या क्रमांकाशी निघताना, थांबताना आणि पुन्हा निघताना ताडून बघावा. तीन ठिकाणी ताडला असेल तर चोरी कोणत्या दोन थांब्यांच्या मधे झाली, ते पोलिसांना सांगता येतं.

अख्खा ट्रकच जाऊ नये यासाठी इंजिन बंद करणारा लपवलेला स्विच आणि स्वतःची बॅटरी असलेलं जीपीएस ही जोडी चांगली. फास्टॅगचा संदेश मालकाच्या मोबाइलवर येईल असं बघावं. गाडी टोलवरून गेली तर तीही एक खूण मिळते. चावी मात्र गाडीत राहू देऊ नये, चहापुरतीसुद्धा. विमा कंपनी दावा नाकारताना पहिलं बोट तिथेच ठेवते.

एवढं करूनही चोरी झालीच, तर कशाला हात न लावता ११२ वर फोन करावा, फोटो काढावेत आणि लगेच गुन्हा नोंदवावा. हद्द आपली नाही म्हणून पोलीस ठाण्याला परत पाठवता येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठेही घडलेला असो, नोंद करावीच लागते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ मध्ये मालवाहू वाहनातून माल चोरण्याला सात वर्षांपर्यंत कैद आहे. विमा कंपनीलाही त्याच दिवशी कळवावं. तिला कळवायला उशीर झाला, पण गुन्हा तातडीने नोंदवलेला असेल, तर तेवढ्या कारणावरून दावा फेटाळता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये गुरशिंदर सिंग यांच्या चोरीला गेलेल्या ट्रॅक्टरच्या प्रकरणात सांगितलं आहे. आणि ट्रकचा विमा म्हणजे मालाचा विमा नव्हे. मालाचा विमा वेगळा उतरवावा लागतो, हे अनेकांना चोरी झाल्यावरच कळतं.

मालकांना एक विनंती आहे. सुरक्षित जागी मुक्काम केला तर शे-दोनशे रुपये पार्किंगचे लागतात आणि गाडी दोन तास उशिरा पोचते. ते पैसे ड्रायव्हरच्या भत्त्यातून कापू नका, आणि त्या दोन तासांसाठी त्याला फोनवर घाई करू नका.