ओल वरून शोधायची

कळंब तालुक्यातल्या रांजणीला किंवा धाराशिव जिल्ह्यातल्या कुठल्याही साखर कारखान्याच्या यार्डात उसाच्या ट्रॅक्टरांची रांग थोडी पुढे सरकली, की मागे जमिनीवर डाग उरतात. काळाकुट्ट डाग इंजिन ऑइलचा. गिअरबॉक्सचं ऑइल वापरूनही त्यामानाने उजळ राहतं, त्याचा डाग पिवळसर. डिझेलचा डाग पसरतो, लवकर विरतो, वास मात्र मागे ठेवतो. हिरवट पाणी दिसलं तर रेडिएटरकडे किंवा वॉटरपंपाकडे बघायचं. चांगला मिस्त्री पान्याला हात लावण्याआधी डागात बोट बुडवतो आणि नाकाशी नेतो.

डाग जिथे पडतो तिथे गळत असतंच असं नाही, आणि बरीचशी फुकटची दुरुस्ती इथूनच सुरू होते. टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून सुटलेलं ऑइल इंजिनच्या कडेने उतरतं, पंख्याची हवा त्याला मागे ढकलते, आणि ते खालच्या ऑइल चेंबरच्या मागच्या टोकाला जाऊन ठिबकतं. मालक म्हणतो, चेंबरचं पॅकिंग गेलं. घाईतला मिस्त्री ते बदलूनही देतो. दुसऱ्या दिवशी डाग तिथेच. म्हणून आधी डिझेल आणि ब्रश घेऊन सगळं अंग धुवायचं, कोरडं करायचं, संशयाच्या जागी खडूची पूड किंवा पावडर मारायची आणि ट्रॅक्टर कामावर न्यायचा. उभ्या जागी पाच मिनिटं इंजिन चालवून काही कळत नाही. ऑइल तापून पातळ झालं, भार आला, की खरी जागा ओली होते. त्या ओल्या भागातली सर्वांत वरची जागा धरायची, खालची नाही.

ट्रॅक्टरला ट्रकसारखी चॅसी नसते, हेही लक्षात ठेवावं लागतं. इंजिन, क्लच हाउसिंग, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकमेकांना बोल्टने जोडलेले असतात आणि तोच त्याचा कणा. १९१७ साली आलेल्या हेन्री फोर्डच्या फोर्डसनपासून ही रचना रूढ झाली. म्हणजे ज्या बिडाच्या कवचात ऑइल भरलेलं असतं, तेच सगळा ताणही सोसतं. मागे उसाच्या दोन ट्रॉल्या लावून खड्ड्यांतून, चढ-उतारांवरून ओढाताण सुरू झाली, की जोडावरचे बोल्ट सैल पडतात आणि पॅकिंग पाझरायला लागतं. इथे नवं पॅकिंग टाकून बोल्ट तसेच ठेवले तर पुढच्या हंगामात तेच काम पुन्हा.

फिरणाऱ्या दांड्याभोवती ऑइल अडवणारं ऑइल सील दिसायला किरकोळ. लोखंडी कडं, आत रबराचा ओठ, त्याला आवळून धरणारी बारीक स्प्रिंग. पूर्वी हा ओठ कातड्याचा असे. जर्मनीतली फ्रॉयडेनबर्ग ही मूळची कातडी कमावणारी कंपनी या धंद्यात आली ती कातडी सील घेऊन, १९३० च्या आगेमागे. रबर नंतर आलं. हा ओठ दांड्यावर कोरडा घासत नाही, ऑइलच्या अगदी पातळ थरावर चालतो. कोरडा पडला की जळतो. दुष्काळी सालात ट्रॅक्टर महिनोन् महिने उन्हात उभा राहिला तर सिलाचं रबर कडक होतं, आणि पावसाळ्यात काम सुरू होताच सगळीकडून ठिबक लागते. धाराशिवला अशी सालं काही कमी आली नाहीत.

सील गेलं तर ते का गेलं, हे विचारलंच पाहिजे. बेअरिंग झिजून दांडा हलत असेल तर नवं सील आठवड्यात फाटेल. दांड्यावर जुन्या ओठाने चर पाडला असेल तर नवा ओठ त्याच चरात बसवून उपयोग नाही. सील थोडं मागेपुढे बसवून ओठ ताज्या जागी आणावा लागतो. पुढच्या चाकाच्या हबात किंवा रोटाव्हेटरच्या बाजूला तार, सुतळी, गवत गुंडाळलेलं सापडतं, तेच सील कापतं. आणि सर्वांत फसवा गुन्हेगार म्हणजे ब्रीदर, आतली हवा बाहेर सोडणारं तोंड. काळ्या चिखलाने ते बुजलं की आतली गरम हवा अडते, दाब वाढतो आणि चांगलं सीलही ऑइल सोडतं. ब्रीदर साफ करायला खर्च जवळजवळ शून्य. त्यामुळेच तिकडे कोणी आधी बघत नसावं.

काही गळत्या जमिनीवर डागच पाडत नाहीत. टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या नळीत चीर असेल तर डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत ओढली जाते. ट्रॅक्टर चालता चालता बंद पडतो आणि मालक दर वेळी हवा काढत बसतो. इंजिन बंद केल्यावर उचललेला नांगर हळूहळू खाली बसतो, तेव्हा हायड्रॉलिकच्या आतली ओ-रिंग गेलेली असू शकते; बाहेर थेंब नाही. डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं आणि पातळ दिसलं तर त्यात डिझेल उतरतंय. ते दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी. शेजाऱ्याची डंपिंग ट्रॉली जोडली की तिच्या जॅकमधलं जुनं, मळकं ऑइल आपल्या गिअरबॉक्सात येतं, कारण बऱ्याच ट्रॅक्टरांत गिअरबॉक्स आणि हायड्रॉलिकचं ऑइल एकच असतं. जॅक रिकामा असेल तर आपलंच ऑइल तिकडे जातं आणि गळती नसतानाही पातळी उतरते.

प्रेशरच्या पाइपवर मात्र बोट फिरवायचं नाही. हायड्रॉलिकच्या होजला सुईएवढं छिद्र पडलं तरी दीडशे-दोनशे बारच्या दाबाने सुटलेली धार कातडीतून आत घुसते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, पण ऑइल आत पसरतं आणि हात किंवा बोट गमावण्याची वेळ येते. अशा वेळी घरगुती इलाज न करता ताबडतोब दवाखाना गाठायचा. छिद्र शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा लांबून धरायचा. पाइप उघडण्याआधी अवजार जमिनीवर टेकवायचं, इंजिन बंद करायचं, लीव्हर हलवून उरलेला दाब सोडायचा.

कोणती गळती थांबू शकते, यावर मालक आणि मिस्त्री यांचं नेहमी वाजतं. मृगाचा पाऊस होऊन गेला, वाफसा आला, सोयाबीन पेरायला हातात मोजके दिवस, आणि क्लच हाउसिंगच्या खालच्या भोकातून थेंब पडू लागले. थेंब काळा असेल तर क्रँकचं मागचं सील, उजळ असेल तर गिअरबॉक्सच्या दांड्याचं. कोणतंही असलं तरी ट्रॅक्टर मधून खोलावा लागणार. थेंब तुरळक असेल, क्लच घसरत नसेल, तर रोज सकाळी पातळी बघून पेरणी उरकणारा मालक मला चुकीचा वाटत नाही. पण मागच्या ॲक्सलचं ऑइल कोरड्या ब्रेकच्या लायनिंगवर जात असेल आणि तोच मालक उसाच्या ट्रॉल्या घेऊन तुळजापूरच्या घाटात उतरला, तर एका बाजूचा ब्रेक धरेल, दुसरा धरणार नाही. तिथे हंगाम थांबवावा. तापलेल्या सायलेन्सरवर डिझेल ठिबकत असेल तरीही.

पेरणीनंतर ट्रॅक्टर मधून खोलाल तेव्हा क्लचप्लेट आणि रिलीज बेअरिंग त्याच दिवशी तपासून घ्या. सील स्वस्त असतं. महाग पडते ती खोलायची मजुरी.