तलाव वाढला, वीज वाढली का?

मावळातील लोणावळा, वळवण व शिरोता या तलावांचे पाणी घाटाखाली खोपोलीच्या जलविद्युत केंद्रात जाते. हे केंद्र 1915 सालचे. पाणी कोणत्या तलावातले, याच्याशी जनित्राला देणेघेणे नसते. संगणकांच्या माहिती-केंद्रातही अनेक सर्व्हरांची शक्ती अशीच एकत्र करून तिच्यातून ‘आभासी’ संगणक वाटून देतात.

समजा, दहावीच्या निकालासाठी आपण दोन सारखे सर्व्हर जोडले. ऐन वेळी एक बंद पडला तर दुसऱ्याने सारा भार पेलायला हवा. म्हणून दोघांवर मिळून एकाच्याच ताकदीचा भार टाकता येतो. तिसरा जोडला की दोघांचा भार चालतो, म्हणजे क्षमता दुप्पट! चौथ्याने मात्र ती दीडपटच होते. (वर्गात 1/2, 2/3, 3/4 असे मांडून पाहावे, अपूर्णांकांना इतके चांगले उदाहरण आम्हाला क्वचितच सापडले.)

पण नवा तलाव जोडून घाटातले नळ व जनित्रे तेवढीच ठेवली, तर पाणी अधिक दिवस पुरेल. एका वेळी मिळणारी वीज वाढणार नाही. सर्व्हर वाढवूनही सामाईक डिस्क किंवा जाळे अपुरे असेल, तर निकालाची रांग तिथेच तुंबते. म्हणून खरेदीपूर्वी गर्दीच्या तासाला प्रोसेसर, स्मृती, डिस्क व जाळे यांपैकी आधी काय भरते, ते मोजून घ्यावे लागते.