'एन्ड्युरो ३'ला निघालात? पिशवीत काय भराल?

पुण्याच्या 'एन्ड्युरो ३' या साहसी शर्यतीत ३ जणांचा संघ सायकल चालवतो, डोंगर चढतो, कयाकही वल्हवतो. ओझे वाढले की वेग घटतो. पण पाणी संपले तर शर्यतच सोडावी लागते. त्यामुळे सामान विभागून घ्या.

प्रत्येकाकडे : हेल्मेट, हेडटॉर्च, शिट्टी, किमान २ लिटर पाणी, ओआरएस, चिक्की.

तिघांत मिळून : पंक्चर किट, पंप, जादा ट्यूब, प्रथमोपचाराचे साहित्य.

पाण्यात उतरताना : लाइफ जॅकेट, मोबाइल व सुके मोजे वॉटरप्रूफ पाऊचमध्ये.

हे टाळा : कोरे बूट फोड आणतात, जीन्स भिजली की जड होते.

सह्याद्रीच्या दऱ्यांत अनेकदा मोबाइलला रेंज नसते. म्हणून शिट्टी पिशवीत नको, प्रत्येकाच्या गळ्यात हवी.