घडीची ट्रेडमिल घरी आणताना

आपल्या भंडाऱ्यात मे महिन्यात सकाळी आठलाच ऊन चटके देते. म्हणून काही घरांत घडीची ट्रेडमिल आली आहे. आणा, पण तिची मागची बाजू भिंतीला लावू नका. तोल गेला की पट्टा माणसाला मागे फेकतो. मागे सहा फूट मोकळे हवेत. सुरू करताना पट्ट्यावर नव्हे, दोन्ही कडांवर उभे राहा. पदर, ओढणी खोचून घ्या. दोरीची सुरक्षा किल्ली कपड्याला अडकवा, ती निघाली की मशीन थांबते. चालून झाले की किल्ली लेकरांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा. अमेरिकेत एका बालकाच्या मृत्यूनंतर पेलोटन कंपनीला मे २०२१ मध्ये एक ट्रेडमिल बाजारातून परत घ्यावी लागली.

आपल्याकडे याहून मोठा प्रश्न सिकलसेलचा. एसएस रुग्णाने डॉक्टरांना विचारूनच चालावे, तेही हळू, मध्ये मध्ये पाणी पीत. अंगातले पाणी कमी झाले, धाप लागली की वेदनेचा झटका येऊ शकतो. एएस वाहकाला चालायला हरकत नाही. कोंदट खोलीत जोरात धावण्याची जिद्द मात्र नको. तपासणी झाली नसेल तर सरकारी दवाखान्यात आधी करून घ्या. छातीत दुखले, हातपाय ठणकले तर तिथेच उतरा आणि दवाखाना गाठा.