अ‍ॅबस्ट्रॅक्ट क्लास कशासाठी? रिक्षा आणि लोकलच्या भाड्यातून समजून घेऊया

जावा शिकताना क्लास आणि ऑब्जेक्ट पटकन कळतात. अ‍ॅबस्ट्रॅक्ट क्लास आला की मात्र बरेच जण पाठांतर करतात: 'ज्याचा ऑब्जेक्ट बनत नाही, तो क्लास.' बरोबर आहे, पण असा क्लास हवाच कशाला?

उदाहरण पाहूया

मी डोंबिवलीकर, म्हणून उदाहरणही इथलंच घेतो. समजा, ठाणे ते कल्याण पट्ट्यातल्या प्रवासाचं भाडं सांगणारं अ‍ॅप आपण बनवतोय. भाडं सगळीकडेच लागतं, पण हिशोब वेगळा. मीटरच्या रिक्षाला पहिल्या १.५ किलोमीटरचं किमान भाडं, पुढे मीटरप्रमाणे. शेअर रिक्षाला सीटमागे ठरलेले पैसे. लोकलला अंतर आणि डब्याचा वर्ग.

म्हणून 'वाहन' हा अ‍ॅबस्ट्रॅक्ट क्लास करायचा. स्टेशनबाहेर नुसत्या 'वाहना'त कोणी बसत नाही. रिक्षात बसतो, नाहीतर बसमध्ये. त्यामुळे 'वाहन'चा ऑब्जेक्ट बनत नाही.

त्यात दोन मेथड ठेवू. 'माहिती दाखव' सगळ्यांना सारखीच, म्हणून तिचा कोड इथेच लिहायचा. 'भाडं काढ' अ‍ॅबस्ट्रॅक्ट: फक्त नाव आणि शेवटी अर्धविराम, महिरपी कंस नाहीत. तिचा कोड रिक्षा, बस, लोकल हे क्लास आपापला लिहितील.

फायदा काय?

समजा 'वाहन' साधा क्लास आहे आणि 'भाडं काढ' शून्य परत देते. उद्या कोणी एसी लोकलचा क्लास जोडला आणि भाडं लिहायचं विसरला, तर अ‍ॅप बिनबोभाट ० रुपये दाखवेल. तीच मेथड अ‍ॅबस्ट्रॅक्ट असेल तर कोड कंपाइलच होणार नाही. चूक प्रवाशापर्यंत जाण्याआधीच पकडली जाते.

एक सावधानता

एसी लोकलचा क्लास 'वाहन'ऐवजी 'लोकल'वरून बनवला, तर साध्या लोकलचं भाडं आयतं मिळेल आणि कंपाइलर गप्प बसेल. ते भाडं बघून साधं तिकीट काढणारा एसी डब्यात दंड भरेल! मेथड आहे की नाही एवढंच कंपाइलर बघतो. हिशोब बरोबर आहे का, ते आपणच तपासायचं.

तुमच्या फोनमध्येही आहे

अँड्रॉइडमधला 'ब्रॉडकास्ट रिसीव्हर' अ‍ॅबस्ट्रॅक्ट क्लासच आहे. फोन चालू झाला, चार्जर लावला, असे निरोप तो घेतो. निरोप आल्यावर काय करायचं, ते 'ऑन रिसीव्ह' या अ‍ॅबस्ट्रॅक्ट मेथडमध्ये प्रत्येक अ‍ॅप स्वतः लिहितं.

थोडक्यात, सगळ्यांचं सारखं काम एकदाच लिहा आणि प्रत्येकाचं वेगळं काम अ‍ॅबस्ट्रॅक्ट ठेवा. आता बसचा क्लास तुम्ही लिहून बघा!